कोरड्या ज्वारीतली ओल

मे महिन्यात मराठवाड्यातल्या वडवणीच्या आसपासच्या एखाद्या वस्तीवर जा. अंगणात टँकरची वाट बघत घागरी मांडून ठेवलेल्या असतात. आतल्या अंधाऱ्या खोलीत पत्र्याची कोठी असते आणि तिच्यातल्या ज्वारीवर तीन मिलिमीटरचा एक काळसर किडा सावकाश चालत असतो. बाहेर माणसं पाण्यासाठी ताटकळतात. आतला किडा मात्र जन्मल्यापासून पाण्याचा एक थेंबही प्यालेला नाही. त्याच्या भोवती खडखडीत वाळलेल्या दाण्यांशिवाय काही नाही. तरी त्याच्या अंगात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी आहे.

ते आलं कुठून?

धान्यातल्या किडीकडे आपण बहुतेक वेळा वैतागून बघतो. सुपात घेतो, पाखडतो, उन्हात टाकतो, विसरतो. पण हा एक प्रश्न घेऊन कोठीपाशी बसलं, तर प्रत्येक किडा वेगळा दिसू लागतो. ज्वारीतला वेगळा, डाळीतला वेगळा, पिठातला वेगळा. कोरड्यात ओल मिळवण्याची प्रत्येकाची युक्ती निराळी आहे, आणि ती युक्ती कळली की त्याला ओळखणंही सोपं जातं आणि आवरणंही.

पोत्यातल्या घागरी

आधी ज्वारीचाच हिशेब करू. चांगली वाळलेली, दाताखाली ‘कट्ट’ वाजणारी ज्वारी घेतली, तरी तिच्यात साधारण १० टक्के ओलावा असतो. म्हणजे एका क्विंटलमध्ये १० लिटर पाणी. हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही, पण घागरभर पाणी त्या पोत्यात मुरलेलं असतं.

याहून मोठा साठा पिठूळ भागात, म्हणजे स्टार्चमध्ये बांधलेला असतो. स्टार्च हा कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा बनलेला. प्राणी तो खातो, श्वासातल्या ऑक्सिजनने अंगात हळूहळू जाळतो, तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. १०० ग्रॅम स्टार्च जळला की सुमारे ५५ ग्रॅम पाणी तयार होतं. क्विंटलभर ज्वारीत ७० किलोच्या आसपास स्टार्च धरला, तर त्यात जवळजवळ ३९ लिटर पाणी होण्याची सोय आहे. भाकरी खाल्ल्यावर आपल्याही अंगात हेच घडतं. दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी आपलं शरीर स्वतः तयार करतं. पण आपल्याला तेवढ्यावर भागवता येत नाही. किड्याला येतं. तो दाणा खातो आणि दाण्यातूनच पाणी काढतो.

सोंड्याचं काळं चिलखत

ज्वारी, तांदूळ, गहू, मका यांत सगळ्यात जास्त भेटणारा हा सोंडा. कुठे याला पोरकिडा म्हणतात, कुठे सोनकिडा. ओळखायची खूण तोंडापुढची लांब सोंड. भिंगातून पाहिलं तर पाठीवर चार तांबूस ठिपके दिसतात. सुपात पडला की पाय आणि सोंड आवळून मेल्याचं सोंग घेतो. थोडा वेळ सूप हलवू नका, मेलेले एकेक करून चालू लागतात.

मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रावाने लिंपून टाकते. वरून दाणा अखंड दिसतो. आत बिनपायाची पांढरी अळी दाणा पोखरत वाढते, तिथेच कोष करते आणि उबदार दिवसांत महिन्याभरात सोंडा होऊन वाकडंतिकडं भोक पाडून बाहेर येते. एक मादी आयुष्यात ३०० ते ४०० अंडी घालू शकते. म्हणून पहिला सोंडा दिसतो, तेव्हा त्याची भावंडं आधीच दाण्यांच्या आत बसलेली असतात. मूठभर दाणे पाण्यात टाकले तर पोखरलेले पोकळ दाणे वर तरंगतात, तेवढ्यावरून अंदाज येतो.

मिळवलेलं पाणी टिकवायचं तर अंगावर घट्ट आवरण हवं. ते कडक करायला लागणारी द्रव्यं नुसत्या ज्वारी-तांदळातून पुरेशी मिळत नाहीत. यासाठी सोंड्याने पिढ्यान्‌पिढ्या एक भाडेकरू सांभाळला आहे. त्याच्या पेशींमध्ये सोडॅलिस नावाचे जिवाणू राहतात. आईकडून अंड्यात, अंड्यातून अळीत असा त्यांचा वारसा चालतो. सोंडा कोषातून बाहेर पडतो त्या सुमाराला हे जिवाणू भराभर वाढतात आणि आवरण घडवायला लागणारी अमिनो आम्लं पुरवतात. आवरण काळं, कडक झालं की सोंड्याचं शरीर काही आठवड्यांत आपल्या आतड्याजवळचे ते जिवाणू पचवून टाकतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१४ साली हा सगळा व्यवहार उलगडून दाखवला. सुपातल्या त्या काळ्या ठिपक्याची चकाकी म्हणजे या देण्याघेण्याचं फळ आहे.

टोपीवाला आणि पाखरू

ज्वारी-गव्हाखाली पिठासारखा भुगा साचला असेल, तर तो सहसा सोंड्याचा नसतो. तो दाणे पोखरणाऱ्या टोपीवाल्या भुंगेऱ्याचा असतो. हा लांबुळका, नळीसारखा, तपकिरी. वरून पाहिलं तर डोकंच दिसत नाही, कारण ते टोपीसारख्या खांद्याखाली वळलेलं असतं. याचं कूळ लाकूड पोखरणाऱ्यांचं. बांबूच्या कणगीतून किंवा टोपलीतून पिवळट पूड गळते, ती याच्याच भाऊबंदांची कामगिरी. लाकूड चावणारे जबडे ज्वारीला लागले की तिचं पीठ व्हायला वेळ लागत नाही.

कोठीचं झाकण उघडताच फिकट पिवळसर पाखरं उडाली, तर दाणे हातावर घेऊन निरखा. काही दाण्यांवर इतकं गोल, इतकं नेमकं टोपण दिसेल की कुणी कोरून बसवलं असं वाटेल. या पाखराची अळी दाण्याच्या आत वाढते. कोषात जाण्याआधी ती आतूनच एक गोल खिडकी कोरते आणि वरची पातळ साल तेवढी शिल्लक ठेवते. पाखराला चावायचे जबडे नसतात, त्यामुळे त्याला दाणा फोडता आला नसता. पण अळीने दार आधीच करून ठेवलेलं असतं. पाखरू डोक्याने ते ढकलतं आणि बाहेर येतं. फ्रान्सच्या अँगुमुआ प्रांतात याने एवढा हाहाकार केला की विज्ञान अकादमीने १७६० साली दोन शास्त्रज्ञ तपासाला पाठवले. याच्या इंग्रजी नावात तो प्रांत आजही आहे. नाजूक पंखांचं हे पाखरू धान्याच्या ढिगात खोल शिरू शकत नाही, म्हणून याचा उपद्रव वरच्या थरातच जास्त असतो.

तहानेचा संसार

तूर, मूग, मटकी, हरभरा यांच्या दाण्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके चिकटलेले दिसले की समजावं, कडधान्याचा भुंगेरा आला. ते ठिपके म्हणजे अंडी. त्यांतून निघालेली अळी थेट दाण्यात उतरते आणि शेवटी गोल भोक ठेवून भुंगेरा बाहेर पडतो. ही लागण बहुधा शेतातच होते, वाळू लागलेल्या शेंगांवर. आपण ती पोत्यातून घरी आणतो.

हा भुंगेरा मोठा झाला की धान्य खात नाही. दाण्यात असताना अळीने जमवलेली चरबी आणि ओल एवढ्याच शिदोरीवर त्याचे आठ-दहा-पंधरा दिवस जातात. २००७ साली मार्टिन एडवर्डसन यांनी यातल्या एका जातीवर प्रयोग केला, तेव्हा तहानलेल्या माद्या नराशी जास्त वेळा जोडी करतात असं दिसलं. ज्यांना पाणी दिलं त्या कमी वेळा करतात. नराच्या वीर्यात मादीला पाणी मिळतं. मुगाच्या डब्यात पाण्याच्या एका कणासाठी संसार जमतो, हे वाचल्यापासून तो डबा मला पूर्वीसारखा दिसत नाही.

डब्यात दाटी झाली की आणखी एक गोष्ट घडते. गर्दीत वाढलेल्या अळ्यांतून निराळ्या अंगलटीचे, उडायला तरबेज भुंगेरे निघतात. मोकळ्या जागेत वाढलेले मात्र तिथेच राहून अंडी घालतात. कुणी रहायचं आणि कुणी गाव सोडायचं, ते दाण्यातल्या दाटीवरून ठरतं.

पिठातला तांबडा

पिठाला कुबट वास आला, किंचित गुलाबी झाक आली, तर त्यात तांबडे भुंगेरे असणार. सोंड नाही, चपटं तांबूस-तपकिरी अंग, चपळ चाल. तो वास आणि रंग त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या क्विनोन नावाच्या रसायनांचा. असं पीठ चाळून वापरू नये, टाकून द्यावं. अखंड दाण्यापुढे याचं फारसं चालत नाही. फुटके दाणे, रवा, पीठ, कणी ही त्याची जागा. म्हणून महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवण्यापेक्षा आठवड्याचं दळावं, ही जुन्या घरांची रीत योग्यच आहे.

या भुंगेऱ्याचा विज्ञानाला फार उपयोग झाला. भुंगेऱ्यांमध्ये पहिला संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो याचाच, २००८ साली. पण त्याची सर्वांत अद्भुत गोष्ट त्याच्या मागच्या टोकाला आहे. आतड्याच्या शेवटच्या भागाला मूत्रनलिका घट्ट बिलगलेल्या असतात आणि त्यांत क्षार साठवलेले असतात. पावसाळ्यात मीठ उघडं राहिलं की त्याला पाणी सुटतं. तसंच हे क्षार विष्ठेतलं पाणी ओढून घेतात. हवा फार दमट असेल तर थेट हवेतली वाफही ओढतात. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली यामागचं एक जनुक शोधलं. तोंडाने थेंबही न पिता हा किडा मागच्या बाजूने हवा पितो.

आषाढ-श्रावणात रव्यावर धुळीच्या कणांएवढे बारीक जीव हलताना दिसतात. तेही हवेतली वाफच पितात, पण तोंडाने. त्यांना हवा दमट नसेल तर जगताच येत नाही. रवा भाजला, डबा कोरडा केला की ते संपतात. पुस्तकांना आणि कपड्यांना लागणाऱ्या चंदेरी कसरीच्या काही जातींनाही ही वाफ पिण्याची विद्या येते, म्हणून कसर दमट कपाटातच जास्त होते.

जाळीतला उपकारकर्ता

रव्याला, कणीला, शेंगदाण्याला जाळी धरली, दाणे एकमेकांना चिकटून लोंबू लागले, की ते काम तांदळावरच्या राखाडी पतंगाच्या अळीचं. तिला झटकून टाकण्याआधी एक गोष्ट माहीत असावी. कृषी प्रयोगशाळांमध्ये हाच पतंग भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर मुद्दाम वाढवतात. त्याची अंडी कागदावर चिकटवतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशीची बहीण सोडतात. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. एका कार्डावर अशी सुमारे २० हजार अंडी असतात. ती कार्डं उसाच्या पानांना टाचली की त्यांतून निघालेल्या माश्या खोडकिडीची अंडी शोधून संपवतात.

वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर या भागांतून हजारो जोडपी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ज्या फडात ती उतरतात, तो ऊस राखणाऱ्या माश्यांची पैदास अशा जाळीवर झालेली असू शकते. घरातल्या डब्यात जी नासाडी, तीच फडात राखण.

खापरातला खपरा

पोत्याच्या शिवणीशी तपकिरी, केसाळ अळ्या आणि त्यांनी टाकलेल्या कातड्यांचा भुरभुरीत थर दिसला, तर तो खपरा. जगभरच्या कीटकशास्त्राने हे नाव आपल्याकडून जसंच्या तसं उचललं. इंग्रजीतही तो खपराच आहे. १९५३ साली तो कॅलिफोर्नियाच्या गोदामांत सापडला, तेव्हा अख्खी गोदामं ताडपत्रीखाली झाकून विषारी वायूने भरावी लागली आणि त्याला हुसकायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

कारण कोरडेपणात खपऱ्याला तोड नाही. ज्या धान्यात ओलावा केवळ २ टक्के उरला आहे, त्यावरही तो जगतो. दिवस वाईट आले की अळी भिंतीच्या फटीत शिरते, श्वास मंद करते आणि वर्षानुवर्षं पडून राहते. त्याच्या भावकीतल्या एका जातीची अळी तर उपाशी राहिली की कात टाकत टाकत लहान होत जाते, आणि अन्न मिळालं की पुन्हा वाढू लागते. म्हणून खपरा झालेली कोठी नुसती रिकामी करून भागत नाही. तिच्या सांध्या, पत्र्याच्या घड्या, पोत्यांच्या शिवणी आणि भिंतीच्या फटी साफ कराव्या लागतात.

हळद, मिरचीपूड, धने यांत दिसणारे गोल पाठीचे, तांबूस, खाली मान घातलेले बारीक भुंगेरे हे आणखी वेगळे. त्यांचे अवशेष इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यातही मिळाले आहेत. मनुका, खारीक, शेवया यांत सापडणारा चपटा किडा भिंगातून पाहावा, त्याच्या खांद्याला दोन्ही बाजूंनी करवतीसारखे सहा-सहा दात असतात.

तोट्या बंद करण्याची विद्या

आता आपल्या जुन्या उपायांकडे या प्रश्नाच्या उजेडात बघा. बहुतेक उपाय म्हणजे किड्याच्या पाण्याची एकेक तोटी बंद करणं आहे.

एप्रिलच्या उन्हात ज्वारी पसरणं ही पहिली तोटी. दाण्यातलं घागरभर पाणी आणखी उणं होतं, शिवाय ५० अंशांच्या वर तापलेल्या दाण्यात अळ्या टिकत नाहीत. कोठीत भरण्याआधी दाणा दाताखाली घेऊन ‘कट्ट’ ऐकणारी आजी ओलावाच मोजत असते.

राख ही दुसरी. किड्याच्या आवरणावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, पाणी रोखून धरणारा. बारीक कोरडी पूड तो थर खरवडते, शोषते. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ विन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९४४ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. डाळींना राखेत किंवा तांबड्या मातीत ठेवणाऱ्या घरांत ते त्याआधी कितीतरी पिढ्या चाललेलं होतं. किडा विषाने मरत नाही, सुकून मरतो.

तेल ही तिसरी. किलोभर तुरीला चमचाभर गोडंतेल चोळलं की दाण्यावर चिकटवलेल्या अंड्यांना हवा मिळत नाही. गव्हाला एरंडेल लावतात ते याच जातीचं काम. कडुलिंबाचा पाला किडीला नकोसा असतो, पण तो ओला घातला तर उलट ओल वाढते. सावलीत पूर्ण वाळवूनच घालावा.

चौथी तोटी सर्वांत खोल होती, म्हणजे जमिनीतलं पेव. मराठवाड्यात ज्वारी पेवात भरत, तोंड दगडाने झाकून मातीने लिंपत. आतले दाणे आणि किडे श्वास घेत राहत, ऑक्सिजन संपत जाई आणि कार्बन डायऑक्साइड साठे. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. ते बराच वेळ मोकळं ठेवत, कंदील सोडून बघत, तो विझला तर थांबत. ही काळजी न घेतल्याने माणसं दगावली आहेत. अशा बंद जागेत किडे गुदमरून मरतात असं वाटे. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मरडॉक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली हवाबंद पिशव्यांतल्या चवळीच्या भुंगेऱ्यांवर अभ्यास केला आणि वेगळं सांगितलं. ऑक्सिजन नसला की किड्याला स्टार्च जाळता येत नाही. स्टार्च जळला नाही तर पाणी तयार होत नाही. अन्नाच्या ढिगात बसलेला किडा तहानेने मरतो. आपल्या पेवातही तेच होत असणार.

या यादीत सल्फासच्या गोळ्या नाहीत, आणि घरात त्या असूच नयेत. त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही. माणसं झोपतात त्या घरातल्या कोठीत ती गोळी टाकणं म्हणजे सोंड्यासाठी लेकराचा जीव पणाला लावणं आहे. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. ऊन, स्वच्छ कोठी, तोंडापर्यंत भरलेला घट्ट झाकणाचा ड्रम, जुन्यात नवं न मिसळणं, एवढ्यावर घरचं धान्य राखता येतं. थोडाच रवा किंवा डाळ असेल, तर घट्ट पिशवीत घालून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवली तरी अळी आणि अंडी मरतात.

ऊसतोडीहून परतलेलं कुटुंब मार्चमध्ये कुलूप काढतं आणि कोठीत हात घालतं. कधी आत कोमट लागतं. तो असंख्य किड्यांच्या श्वासाचा ताप असतो. त्यांनी तयार केलेली ओल दाण्यात उतरते, ओलीमुळे आणखी किडे होतात, बुरशी धरते. एका कोपऱ्यात असं सुरू झालं की ते पसरतं. म्हणून जाण्याआधी जी ज्वारी दाताखाली वाजली, ती परतल्यावरही पहिल्यांदा दातानेच तपासावी.

आता पहिला प्रश्न पुन्हा विचारू. सोंड्याच्या अंगातलं पाणी आलं कुठून? रब्बीची ज्वारी पावसावर वाढत नाही. पाऊस थांबल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. तिची मुळं ती ओल वर ओढतात, पानं उन्हात त्या पाण्यातला हायड्रोजन वेगळा करून स्टार्चमध्ये बांधतात, कणीस भरतं. सोंडा तो स्टार्च जाळतो आणि त्यातल्या हायड्रोजनचं पुन्हा पाणी करतो. म्हणजे मे महिन्यात, अंगणात घागरी कोरड्या पडलेल्या असताना, कोठीतल्या त्या कणभर जिवात बालाघाटच्या डोंगररांगांतल्या रानावर गेल्या पावसाळ्यात पडलेला पाऊस असतो.

सुपात सोंडा दिसला तर तो जरूर पाखडा. पण त्याआधी क्षणभर त्याला तळहातावर घेऊन बघा.